दसूकी आणि भिंतीवरचे सव्वीस गव्हर्नर

कालव्याच्या तोंडावरच्या आमच्या बंदरात गव्हर्नर आले नि गेले, पण त्यांची नावं पाठ असलेला माणूस एकच, दसूकी. हुद्दा शिपायाचा. गव्हर्नर कचेरीच्या पहिल्या मजल्यावरच्या लांब ओसरीत सव्वीस फोटो ओळीनं टांगलेले होते आणि प्रत्येकाखाली पितळी पाटी. शाळेची पोरं आली की दसूकी टाचा जुळवून उभा राहायचा आणि सव्वीस नावं एका दमात म्हणून दाखवायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्याची खुर्ची ओसरीच्या टोकाला होती. पगार नाही, नुसती खुर्ची. तीही मेहेरबानी म्हणून.

मेहेरबानी म्हणा, पण त्या खुर्चीशिवाय त्याला होतं कोण? बायको फतहिया गेलेली. दोन्ही मुलगे आखातात, ईदला फोन करायचे, तोही घाईत. सकाळी गाडीवरचं फूल, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांचं कालवण, नि पाव खायचा, इस्त्रीचा सदरा घालायचा, नऊच्या ठोक्याला ओसरीत हजर. पोरं रोज थोडीच येतात? मग तो फोटोंशी बोलायचा. त्यातल्या त्यात मुराद नझमी बेंशी; बे म्हणजे जुन्या काळचे रावसाहेब. तुर्की टोपी, झुपकेदार मिशी तर त्या काळच्या सगळ्यांनाच. पण या एका माणसाचे डोळे मऊ होते. फतहिया गेली तेव्हा दसूकी चाळीस दिवस त्याच फोटोसमोर बसला होता.

एक गोष्ट मात्र त्यानं फतहियालाही सांगितली नव्हती.

सदुसष्टच्या लढाईनंतर शत्रूच्या तोफा कालव्यापर्यंत आल्या आणि अख्खं शहर रिकामं झालं. दसूकी तेव्हा चोवीस वर्षांचा. साहेब लोक आधीच पळाले, फोटो बांधायचं काम शिपायाच्या गळ्यात. पितळ चोरीला जाईल म्हणून त्यानं पाट्या काढून गोणीत भरल्या आणि फोटो मासळीच्या ट्रकवर चढवले. कोणाची पाटी कुठली हे ज्याला माहीत होतं, तो म्हातारा कारकून परगावच्या छावणीतच वारला. सात वर्षांनी लोक परतले. उद्घाटनाला दोन तास उरलेले, अधिकारी डोक्यावर ओरडतोय, बाकीच्या पाट्या आठवणीनं लागल्या, पण दसूकीच्या हातात शेवटच्या दोन पाट्या, समोर दोन फोटो. एक करड्या चेहऱ्याचा, एक मऊ डोळ्यांचा. नावं मुराद नझमी आणि इस्माईल कद्री. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि अंदाजानं बसवल्या. कोणी विचारलं नाही. पस्तीस वर्षं कोणीच विचारलं नाही.

मग त्या दिवशी इनायात हानम, म्हणजे इनायात बाईसाहेब, वडिलांचा फोटो बघायला आल्या. चौऱ्याऐंशीचं वय, हातात काठी, अंगावर जुन्या घराण्याची ऐट. सोबत जनसंपर्काचे रिफअतसाहेब, दात काढत. बंदरातल्या गव्हर्नरांवर याच साहेबांनी नुकतंच एक गुळगुळीत पुस्तक छापलं होतं, सव्वीस फोटो, सव्वीस नावं, वर स्वतःचं नाव सगळ्यांत मोठं.

"हे घ्या हानम, तुमचे वडील. इस्माईल कद्री बे."

बाईंनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "हे माझे बाबा नाहीत."

"असं कसं? खाली पाटी आहे ना!"

"पाटी गेली खड्ड्यात." काठी पुढं सरकली. "ते. तिकडचे. ते माझे बाबा आहेत."

काठी मुराद बेंवर होती.

रिफअतसाहेब गोड हसले. "हानम, किती वर्षांच्या होतात तुम्ही, बाबा वारले तेव्हा?"

"आठ."

"मग झालं तर! माणसाला काल काय खाल्लं ते आठवत नाही. घरी एखादा फोटो असेलच की."

"घर जळलं. काही राहिलं नाही." बाईंचा आवाज उतरला. त्या करड्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, जणू स्वतःला समजावत होत्या. "असतील हेच. मीच विसरले असेन. म्हातारपण..."

"आमच्या दसूकीकाकांनाच विचारा. चालता-बोलता इतिहास आहेत ते! काय काका, पाटी बरोबर ना?"

मान हलवायची, एवढंच काम होतं. मान हलवली असती तर खुर्ची राहिली असती, आणि एक म्हातारी बापाचा चेहरा विसरून बसमध्ये चढली असती.

"चूक आहे," दसूकी म्हणाला. "मीच चुकवली. चौऱ्याहत्तर साली. मला ठाऊक नव्हतं साहेब, अंदाजानं बसवली."

"काका, गप्प बसा."

"पस्तीस वर्षं गप्पच होतो."

"अहो, पुस्तक छापलंय! वरपर्यंत प्रती गेल्यात! तुमच्या एका शब्दावर मी आता भिंत बदलू?"

"तुम्ही कशाला? मी बदलतो." खिशातल्या नाण्यानं त्यानं स्क्रू फिरवायला घेतले. एक स्क्रू घरंगळत पार जिन्यापर्यंत गेला. साहेब शिपायांना हाका मारत राहिले; शिपाई ऐकूनही हलले नाहीत. दोन्ही पाट्या बदलून झाल्या तेव्हा दसूकी घामानं निथळत होता.

बाईंनी बापाच्या काचेवर तळवा टेकवला. बराच वेळ. मग वळल्या.

"पस्तीस वर्षं माझ्या बापाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारलीस?"

"मारली, हानम."

"आणि पोरांना काय सांगायचास त्यांच्याबद्दल?"

"मनचंच काहीबाही. त्या करड्या चेहऱ्याकडे बघून. कद्री बे शिस्तीचे होते, चाबूक बाळगायचे..."

"माझे बाबा मुंगीसुद्धा ओलांडून जायचे." एवढंच बोलून त्या निघाल्या. माफ केलं नाही, शिवीही दिली नाही. दसूकी जिन्यापर्यंत मागं गेला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला फाटकावर पहारेकरी सय्यद आडवा झाला. "काका, वरून हुकूम आहे. माझ्या भाकरीचा प्रश्न आहे हो, रागावू नका."

"तुझ्यावर कशाला रागावू? एक काम कर. वर जा, पाट्या बघून ये."

सय्यद गेला, आला. "तुम्ही काल लावल्यात तशाच आहेत. साहेब म्हणतात, नवं पुस्तक निघेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"बरं झालं."

"मग आता जाणार कुठं काका?"

दसूकीनं रस्त्याच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. शाळेची बस येऊन थांबली, पोरं दोन-दोनच्या रांगेत उतरली आणि त्याला ओलांडून फाटकातून आत गेली. तो बाजूला सरकून उभा राहिला, त्यांना वाट मिळावी म्हणून.