कमी जेवणारी माणसं

जगातला कुठलाच धंदा आपल्याला दिसतो त्या गोष्टीवर चालत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या भोपाळात एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामा सरकारी खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा जीव कायम दुसऱ्याच्या धंद्यात. त्यांच्या मते सिनेमाघर हे मुळात पॉपकॉर्नचं दुकान. गिऱ्हाईक जागचं हलू नये म्हणून समोर सिनेमा लावतात. हे ते सिनेमा चालू असतानाच सांगतात. मिसरोदच्या एका लग्नात मांडवाची फुलं हुंगून त्यांनी वधूपित्याला कळवलं, की ही फुलं सकाळीच दुसऱ्या एका नवरदेवाने पाहिलेली आहेत आणि सजावटवाल्याची खरी कमाई या दुसऱ्या फेरीतच असते. माहिती खरी निघाली. त्या घराशी आमचं येणंजाणं तेव्हापासून थोडं कमी आहे.

मी जिमची वर्षाची फी भरली तेव्हा मामा जाऊन मालकाचं अभिनंदन करून आले. जिम न येणाऱ्यांवर चालतं. सगळे सभासद एकदम उगवले तर निम्म्यांना जिन्यात उभं करावं लागेल, असा त्यांचा सिद्धांत. महिन्याभरात माझं जाणं बंद पडलं, तेव्हा घरचे सगळे हसले. मामांनी मात्र पाठ थोपटली. माझ्यामुळे कुणाला तरी डंबेल मोकळं मिळतंय म्हणे.

अशा या मामांवर मागे खरोखरच बाका प्रसंग आला. मामी गेल्यापासून त्यांचं दुपारचं जेवण कोटरा सुल्तानाबादेत काकूंच्या खानावळीत असे. या सगळ्या गिऱ्हाइकांच्याच काकू, मूळच्या नागपूरच्या. महिन्याची रक्कम ठरलेली आणि पोटभर वाढायचा हट्ट. पण जेवायला बहुतेक कोचिंग क्लासची पोरं, त्यामुळे वाढण्याला अंत नव्हता आणि खर्च निघत नव्हता. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की महिनाअखेर खानावळ बंद करून त्या बहिणीकडे नागपूरला जाणार. मामांचा चेहरा एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यांना तोड सापडली. पोटभर थाळी कमी जेवणाऱ्यांवर चालते, तेव्हा कमी जेवणारे गोळा करायचे. मामांनी ओळखीतले एकटे राहणारे निवृत्त मराठी गृहस्थ हेरायला सुरुवात केली. निवड कडक होती. सकाळच्या फिरण्यात ते एकेकाच्या पचनाची चौकशी करत. कुणाला कवळी निघाली की खूश होत. एक गृहस्थ म्हणाले, कशीबशी दीड पोळी जाते. मामांनी त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. मीही नाव द्यायला गेलो, तर माझ्या पोटाकडे नुसतं बघून त्यांनी मला बाद केलं.

म्हातारे आले. दोन-तीन दिवस सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मग त्यांच्या जुन्या बदल्यांच्या गोष्टी निघाल्या, पोरांशी क्रिकेटवरून वाद सुरू झाले, खिशातल्या कवळ्या तोंडात आल्या आणि दीड पोळीवाले गृहस्थ पाटवडीचा रस्सा पुन्हापुन्हा मागू लागले. एक दिवस मी मामांना न्यायला गेलो, तर काकू त्यांना विचारत होत्या, "भाऊ, तुमचे म्हातारे तर पोरांच्या वर जेवून राहिले ना. कुठून धरून आणले?"

स्कूटरवर माझ्यामागे बसल्यावर मामा म्हणाले, "चुकलंच माझं. ती माणसं कमी जेवणारी नव्हती रे. एकटी जेवणारी होती."

त्यांनी म्हाताऱ्यांना सगळं सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. उलट एकाच्या जुन्या गाडीतून करोंदच्या मंडीतली घाऊक भाजी खानावळीत येऊ लागली. सगळी हयात सरकारी खरेदीत गेलेली माणसं. भाव पाडण्यात त्यांचा हात कोण धरणार? काकूंनी बहिणीला सध्या येत नाही म्हणून कळवलं.

परवा मीही तिथे जेवायला बसलो होतो. काकू पोळ्या घेऊन आल्या आणि मामांनी सवयीने ताटावर हात आडवा धरला. मामी गेल्यापासून ते दुसरी पोळी घेत नसत. तेवढ्यात शेजारच्या पोराने विमानतळ कशावर चालतो असं विचारलं आणि समजावून सांगायला मामांनी तो हात उचलला. काकूंनी अलगद पोळी वाढली. मामा बोलत राहिले, खात राहिले. मला मामींची फार आठवण आली. त्याही न विचारता अशाच वाढायच्या.