फाटकासमोर जे उभे राहिले

आज इतकी वर्षे झाली, नोकरी संपली, खाकी उतरली, पण गिरणीच्या फाटकासमोरची ती सोमवारची सकाळ मनातून जात नाही. सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कुणी विचारले की कोणत्या तपासाचे समाधान वाटते, तर मी त्या संपाचेच नाव घेतो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही, त्यांची मुले-नातवंडे तिथेच नांदत आहेत. गावात कापडगिरणी होती. भोंगा झाला की गाव उठायचे, भोंगा झाला की जेवायचे. त्या वर्षी मालकांनी ठरवले की विणकराने दोनाऐवजी चार माग सांभाळायचे. त्यामुळे जी माणसे जादा झाली त्यांना घरी बसायला सांगितले. कामगारांनी संप पुकारला.

संप चिघळत गेला. रोज सकाळी हजारभर माणसे फाटकासमोर हातात हात गुंफून उभी राहायची. कुणाला आत जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. समोर आमची ओळ. दिवसभर एकमेकांकडे बघत उभे राहायचे. एकाच गावातली माणसे आम्ही. माझ्या एका शिपायाचा सख्खा मेहुणा समोरच्या ओळीत होता. दुपारी डबे आले की दोन्ही बाजूंची माणसे पाठ फिरवून जेवायची. समोरच्याला घास दिसू नये म्हणून असेल.

कामगारांच्या ओळीत सगळ्यांत पुढे एक बाई बसायची. गाव तिला अक्का म्हणायचे. पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत. तिची उभी हयात गिरणीतच गेली होती. नवरा विणकर होता, तो वारला. युनियनचा पुढारी जळगावहून यायचा, भाषण करून जायचा. पण फाटकावर चालायचे ते अक्काचे. पहिल्याच दिवशी तिने मला सांगून टाकले होते, "फौजदारसाहेब, आम्हनं भांडण मालकसंगे शे, तुम्हनासंगे नई."

तिसऱ्या आठवड्यात दगड आले. बदली कामगार भरलेला एक ट्रक फाटकाकडे येत होता. घोषणा वाढल्या, रेटारेटी झाली आणि जमावाच्या पाठीमागून एकदम दगडांचा मारा सुरू झाला. माझ्या शेजारी उभे असलेले हवालदार कपाळ धरून खाली बसले, बोटांतून रक्त वाहू लागले. वरिष्ठांनी लाठीमाराचा हुकूम दिला. पुढे बसलेल्या बायका-माणसांना मार बसला. दगड मागून आले होते, लाठ्या पुढच्यांनी खाल्ल्या. त्या दिवशी पंधरा-वीस जणांना अटक झाली आणि दोन दिवस गावात जमावबंदी लागली.

पंचनामा मी स्वतः केला. जागेवरचे दगड गोळा करून मुद्देमाल म्हणून पोत्यात भरताना एक गोष्ट मनात आली. तो सगळा मुलूख काळ्या मातीचा. शेतात नांगराला खडा लागत नाही, रस्त्यावर नुसता फुफाटा. आणि हे दगड हाताच्या मुठीत बसतील असे, ताज्या फोडीचे, धारदार. रेल्वेच्या रुळाखालची खडी म्हणावी तर तिला तेलाचा, धुराचा काळपटपणा असतो. हे स्वच्छ होते. म्हणजे कुणीतरी खाणीतून आणून ठेवले होते. रागावलेला माणूस पायाखाली सापडेल ते फेकतो. तो आधी खाणीत जात नाही.

मी हे आमच्या डी.वाय.एस.पी. साहेबांना सांगितले. ते कडक पण सरळ गृहस्थ होते. म्हणाले, "कामगारांनीच आणले नसतील कशावरून?"

"असू शकेल साहेब. म्हणूनच तपास करतो."

"करा. पण सोमवारी मालक दहा ट्रक आणणार आहेत. प्रांतसाहेब जातीने हजर असतील. पुन्हा दगड आले तर गोळीबाराचा हुकूम होईल. मला तो थांबवता येणार नाही."

त्यांनी कागद पुढे ओढला. बोलणे संपले होते.

शनिवारी सकाळी स्टॅण्डजवळचा न्हावी ठाण्यात आला. त्याला आम्ही नाना म्हणायचो. तो पोलिसांचा खबऱ्या नव्हता, उलट पोलिसांपासून चार हात लांबच राहायचा. आत येऊनही बराच वेळ तो खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला.

"साहेब, सांगू की नको असं होतंय," तो म्हणाला. "मजूर पुरवणारा तो ठेकेदार आहे ना, त्याच्या कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यात काही पोरं उतरलीत. इकडची नाहीत. काल दोघं दाढीला आले होते. एकाच्या तळहाताला खरचटलेलं. मी विचारलं, काय लागलं? तर दुसरा हसून म्हणाला, सोमवारी आणखी लागणार आहे."

"बोलले कोणत्या भाषेत?"

"मराठीच. पण आपली नाही. आणि साहेब, माझा भाऊ त्या दिवशी लाठी खाऊन घरी पडलाय. नाहीतर आलो नसतो मी."

नानाला मी मागच्या दाराने घरी पाठवले. दोन शिपाई साध्या वेशात जिनिंगकडे पाठवले. तिथे शुकशुकाट होता. पोरे गावात पांगली होती. मात्र पान खात परत येणारा एक जण त्यांच्या हाती लागला. तळहाताला खरचटलेला तोच.

त्याला माझ्यासमोर बसवले. तिशीच्या आतला, अंगाने भरलेला, नजर खाली. नाव-गाव विचारले, त्याने सांगितले. काय करतोस विचारले तर म्हणाला, "गिरणीत आहे. मागावर. संपावर आहोत आम्ही."

हे त्याला पढवलेले होते हे उघड होते. पण उघड असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. गिरणीच्या ऑफिसात विचारावे तर ठेकेदाराच्या कानावर जाणार. मारून कबुली घेण्याचा मार्ग काही जणांनी सुचवला. मला तो कधी पटला नाही. मार खाणारा माणूस तुम्हाला हवे ते बोलतो, खरे तेच बोलतो असे नाही. मी अक्काला बोलावणे पाठवले.

ती आली तेव्हा दंडाला पट्टी होती. दारातच थांबून म्हणाली, "परत मारानं शे का?"

"नाही अक्का. बसा. हा गडी म्हणतो, मी मागावर आहे. ओळखता?"

तिने त्याला नीट न्याहाळले. गिरणीत एवढी माणसे, तीही तीन पाळ्यांत. सगळे चेहरे कुणाला ओळखू येणार?  ती समोरच्या बाकावर बसली आणि हात हलवू लागली. एक बोट कानाला लावले, मग मूठ फिरवली, मग दोन्ही तळवे उताणे करून पालथे घातले. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिने पुन्हा तसेच केले. त्याने माझ्याकडे पाहिले.

अक्का हसली. "हाऊ आम्हना नई शे, साहेब."

मग तिने समजावले. मागखात्यात शेकडो माग एकदम चालतात, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. त्यामुळे तिथले लोक सगळे हातांनी आणि ओठांनी बोलतात. नवीन आलेला पोरगा सुद्धा पंधरवड्यात शिकतो. घरीही जेवताना पाणी मागायचे तर कित्येकांचा हातच आधी हलतो. बायकांच्या खात्यातही तेच. तिने त्याला विचारले होते, तुझा जॉबर, म्हणजे मुकादम, कोण, आणि सांगितले होते, माग थांबव, खाली बस.

मी त्या गड्याला म्हणालो, "आता बोल. हवालदारांचा डोळा थोडक्यात वाचलाय. सोमवारी गोळी चालली आणि माणसं मेली तर तू दगड मारणारा राहणार नाहीस. कशात अडकशील ते तुझं तू समज."

 मग त्याने पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर सगळे सांगितले. ठेकेदाराने त्याच्यासकट आठ-नऊ जणांना आणले होते. दगड कडब्याच्या गाडीत दडवून एरंडोलच्या बाजूने आणले होते. संप मोडला की गिरणीला मजूर पुरवायचे काम ठेकेदाराला मिळणार होते. संप साधेपणाने मोडेना, म्हणून गोळीबार घडवायचा होता. सोमवारी ही पोरे जमावाच्या मागच्या भागात वेगवेगळी उभी राहणार होती. बाकीचे आता कुठे उतरलेत ते त्याला ठाऊक नव्हते आणि हा कुठे आहे ते त्यांना.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून दोन पंच घेऊन त्याच्यासोबत गेलो. गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून कडब्याची गंजी होती. त्याने बोट दाखवले, शिपायांनी कडबा बाजूला केला. खाली तेच दगड, तीच ताजी फोड. पंचनामा केला, नमुन्याचे दगड घेतले आणि गंजी होती तशी रचून ठेवली. ठेकेदाराला तेव्हाच उचलता आले असते. पण मग ती पोरे पळाली असती आणि पुढे कोर्टात तो नामानिराळा राहिला असता. गंजीवर लांबून पाळत ठेवली.

आता प्रश्न एकच होता. हजार माणसांत ती सात-आठ पोरे ओळखायची कशी? अक्काला मी ठाण्यातच थांबवून घेतले होते; परत येऊन मी तिच्याकडे वळलो.

"अक्का, मघाची ती खूण, तळवे पालथे घालायची, सगळ्या जमावाला एकदम करता येईल?"

तिला लगेच समजले. थोडा विचार करून म्हणाली, "येई. बठ्ठा बसतीन. पण साहेब, बसेल माणूस पळू शकत नई. तुम्हनी लाठी पडनी त?"

"पडणार नाही."

"परवाबी कोनी सांगं नव्हतं, पडी म्हनून."

 मी म्हणालो, "माझी माणसं लाठ्या जमिनीवर ठेवतील. तुमच्या डोळ्यांदेखत. त्यानंतरच तुम्ही खूण करा."

ती उठली. दारात जाऊन वळून म्हणाली, "ठेवा. मी देखसू."

डी.वाय.एस.पी. साहेबांना हे पटवायला रविवारची सगळी दुपार गेली. पंचनामा वाचून ते ठेकेदारावर संतापले, पण लाठ्या खाली ठेवायच्या म्हटल्यावर उठून फेऱ्या मारू लागले. "फौजदार, उलटं झालं तर तुमची वर्दी जाईल. माझीही."

"हो साहेब."

"त्या बाईवर एवढा विश्वास?"

"तीही ठेवतेय साहेब. उलटं झालं तर तिच्याकडची माणसं जातील."

अखेर ते म्हणाले, "प्रांतसाहेबांशी मी बोलतो."

सोमवारी ऊन चढायच्या आतच फाटक भरून गेले. बघ्यांना मी आधीच रस्त्याच्या पलीकडे, दोराच्या मागे काढले होते, म्हणजे अलीकडे असतील ते कामगारच असायला हवेत. साध्या वेशातले शिपाई जमावाच्या मागे गवतवाले, चहावाले होऊन बसले. गंजीवरच्या शिपायाने निरोप दिला होता की पहाटेच्या अंधारात पोरे एकेक करून येऊन गेली, चेहरे दिसले नाहीत; आणि एकाला धरले असते तर बाकीची पळाली असती. ट्रक नाक्यावर उभे राहिले. प्रांतसाहेब जीपजवळ हातात लेखी हुकूम घेऊन थांबले होते. त्यांच्यामागे राखीव दलाचे, एस.आर.पी.चे, जवान रायफली घेऊन उभे होते.

मी पुढे गेलो आणि माझ्या माणसांना हुकूम दिला. सगळ्यांनी लाठ्या पायाशी ठेवल्या. कपाळाला पट्टी बांधलेले हवालदारही त्यांत होते. सुट्टी नाकारून आले होते. त्यांनी सर्वांत आधी ठेवली. घोषणा एकदम थांबल्या. कुणालाच असे काही अपेक्षित नव्हते.

अक्का उभी राहिली. तिने ओळीवरून नजर फिरवली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि तळवे पालथे घातले. तोंडातून एक शब्द नाही.

वारा आल्यावर ज्वारीचे शेत वाकते तसा तो जमाव खाली बसला. पुढच्यांनी तिच्याकडे पाहिले, मागच्यांनी पुढच्यांचे हात पाहिले. हजार माणसे, आणि आवाज फक्त कपड्यांच्या सळसळीचा.

आणि मागच्या भागात ती पोरे उभीच. इकडे एक, तिकडे दोघे, भिंतीजवळ तिघे. काय झाले ते त्यांना कळेना. एक जण बसू लागला, पण तोवर आमचा चहावाला त्याच्या पाठीशी पोचला होता. दुसऱ्याच्या उपरण्यातून दगड धडाधड खाली पडले. एक जण पळाला, तो दोराला अडकून बघ्यांच्याच अंगावर गेला आणि लोकांनी त्याला धरून दिला. एकही दगड हवेत गेला नाही. एकही लाठी उचलली गेली नाही.

प्रांतसाहेबांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ट्रक परत पाठवायला सांगितले. बसलेल्या लोकांना आता काय घडले ते उमगले. आधी एका कोपऱ्यातून टाळ्या आल्या, मग सगळीकडून. माझा तो शिपाई आणि त्याचा मेहुणा, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. डी.वाय.एस.पी. साहेब माझ्याजवळ आले. ते कौतुक करणारे नव्हते. "स्टेशन डायरीला नीट नोंद घ्या," एवढेच म्हणाले, पण माझा खांदा त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला.

ठेकेदाराला त्याच दुपारी अटक केली. पकडलेल्या पोरांनी एकेक करून जबाब दिले, दगड आणणारा गाडीवान साक्षीदार झाला. खटला चालला आणि ठेकेदाराला शिक्षा झाली. गिरणीतल्या कुणाचा हात होता का, याचा पुरावा मला मिळाला नाही आणि पुराव्याशिवाय मी बोलत नाही. पण बाहेरून माणसे आणायची भाषा बंद झाली. आधी अटक केलेल्या कामगारांवरचे खटले काढून घेतले गेले. महिन्याभरात तडजोड झाली. चार मागांची अट गेली, काढलेले सगळे कामावर घेतले. संप मिटल्याचा पहिला भोंगा झाला तेव्हा बाजारातली दुकानदार मंडळी सुद्धा पायरीवर येऊन उभी राहिली होती.

नोकरीत आम्हाला जमाव कसा पांगवायचा हे शिकवतात. जमाव ओळखायचा कसा, हे मला त्या फाटकाने शिकवले. लांबून पाहिले तर हजार डोकी दिसतात. जवळ गेले तर त्यात राबणारी माणसे असतात, त्यांच्या रीती असतात, त्यांचे आपसातले बोलणे असते. ते कळून घेतले की गुन्हेगार आपोआप वेगळा पडतो. कायद्याची ताकद मला कधी कमी वाटली नाही. पण ती ताकद कुणावर चालवायची हे समजायला आधी माणसांत जावे लागते.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. तिथे एकदा कचेरीवर मोठा मोर्चा आला. नवे, तरुण साहेब अस्वस्थ होऊन मला म्हणाले, "किती तुकड्या मागवू?"

मी टोपी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "साहेब, आधी मी खाली जाऊन त्यांच्यात बसून येतो."