बोटीतून आलेला पाव्हणा

मी लग्न होऊन वडगाव रासाईला आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, साठ सालाच्या आसपास, आमच्या घरी परदेशातून एक मेंढा आला. हसू नका, खरंच बोटीतून आला. तिकडच्या लोकांनी आपल्या देशाला चांगल्या लोकरीचे मेंढे भेट दिले होते, आन् सरकारनं त्यातला एक माझ्या सासऱ्यांना द्यायचं ठरवलं. मेंढरं राखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता.

पण एक अट होती. कळपात दुसरा नर ठेवायचा नाही, नाहीतर नवी पैदास व्हायची कशी? मामंजींनी आमचे दोन्ही काळे मेंढे शिरूरच्या बाजारात नेऊन विकले. म्हंजी बघा, त्या साली मेंढ्या फळायच्या त्या ह्या एका पाव्हण्यापासनंच. न्हाई फळल्या तर दिवाळीनंतर घरात एक कोकरू दिसणार नव्हतं, आन् आमचं सगळं घर कोकरांवरच चालायचं.

आणायला आम्ही बैलगाडीनं दौंडला गेलो. मालगाडीतनं लाकडी पिंजरा उतरला. मी आत डोकावले तर पिंजलेल्या लोकरीचा ढीगच! वरनं मळकट, धुळकट. बरोबर आलेल्या सरकारी साहेबांनी बोटांनी लोकर फाकवून दाखवली, तर आत पांढरीशुभ्र, सायीसारखी, आन् त्यांची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत गडप. माझा जन्म लोकर कातण्यात गेलेला. आमची लोकर राठ, घोंगडीची. अशी लोकर मेंढराच्या अंगावर उगवते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हणाले असते.

साहेब म्हणाले, “आबा, एक लक्षात ठेवा. ह्याच्या लोकरीला हात लावायचा नाही, कातर तर नाहीच नाही. वेळ झाली की मशीन घेऊन मीच येईन.”

“व्हय साहेब,” मामंजी म्हणाले. आन् त्यांचं व्हय म्हंजी व्हय.

घरी आल्यावर मेंढा गाडीतनं उतरला आन् सरळ चाकावर जाऊन धडकला. पाणी ठेवलं तर घमेल्यात पाय. मामंजींनी मुंडाशाचा सोगा त्याच्या तोंडापुढं हलवला. काही न्हाई. आमच्या मेंढरांची तोंडं कशी सफाचट असतात, डोळे लांबनं दिसतात. ह्याच्या तोंडावर नाकापर्यंत नुसती लोकर.

“आंधळा हाय,” मामंजी हळूच म्हणाले.

“एवढ्या लांबनं आंधळा धाडला?” आमच्या आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावून बसल्या. “का बोटीतच नजर गेली त्याची?”

“कुणी बोलायचं न्हाई. त्या लोकांनी मनानं दिलाय. साहेबाची मान खाली जाईल,” मामंजी म्हणाले.

त्याला संभाळायचं काम माझ्याकडं आलं. मी मनगटाला घुंगरू बांधलं. मी चालले की घुंगराच्या आवाजावर तो मागं मागं. बाकी दिवसभर लिंबाखाली धापा टाकत उभा. आत्याबाई पोतं भिजवून त्याच्या पायाखाली टाकायच्या. ज्येष्ठ लागला, मेंढ्या माजावर आल्या, त्याच्या शेजारनं निघून जायच्या, आन् हा जागचा हलत नव्हता. शेजारचे आप्पा कुंपणावरनं ओरडायचे, “सूनबाई, पाव्हण्याला एक काठी तरी द्या हातात! तुमच्या सासऱ्यानं दोन डोळस विकून एक आंधळा आणला!” मामंजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण जेवण अर्ध्यावर आलं होतं त्यांचं.

एका दुपारी मी त्याच्या नाकाला चिकटलेले गोखरू काढत होते. एक काटा वर लोकरीत गेला, त्याच्या मागं माझं बोट गेलं. आत काहीतरी ओलं लागलं. हललं! मी हात मागं घेतला. मग देवाचं नाव घेऊन दोन्ही हातांनी लोकर बाजूला केली.

आत डोळा होता. पिवळा, चांगला धडधाकट. माझ्याकडं बघत होता.

मामंजी कळप घेऊन भीमेकडं गेलेले, आन् साहेबांचा शब्द तर कानात. पण मेंढ्या माजावर किती दिवस राहणार? मी छपरातली कातर काढली. एका डोळ्याभोवतीची लोकर काढली, मग दुसऱ्याभोवतीची. तो हलला नाही बघा. सगळं झाल्यावर त्यानं मान वर केली. लिंब बघितला. कोंबड्या बघितल्या. मग मला बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत. महिनाभर जिच्या आवाजामागं चालला ती ही होय, असं. कुठल्या रानात जन्मलेला जीव, कुठल्या कोण माणसांनी आम्हाला न बघता धाडलेला, आन् इथं आमच्या लिंबाखाली आमच्याकडं बघतोय.

दिवस कलता कळप आला, तसा हा धावतच मेंढ्यांत शिरला.

मामंजी जागीच थांबले. “कातर कुणी लावली?”

“मी, मामंजी.”

ते त्याच्यापुढं उकिडवे बसले, त्याचं तोंड हातात धरून लई वेळ बघत राहिले. “आन् आमी तुला आंधळा म्हणत हुतो, लेका,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

साहेब आले तेव्हा मी दाराआड. त्यांनी मेंढ्याचं तोंड बघितलं. “हे कुणी केलं?”

“मी केलं साहेब,” मामंजी म्हणाले. “शिक्षा काय आसंल ती मला.”

साहेबांनी पिशवीतनं इंग्रजी कागदांचा गठ्ठा काढला, बरीच पानं उलटली, आन् एका जागी बोट ठेवून हसायलाच लागले. तिकडं म्हणे अधूनमधून डोळ्यांवरची लोकर काढतातच, नाहीतर त्यांना दिसत नाही. “इथपर्यंत मी वाचलंच नव्हतं हो आबा! तुम्हाला कसं कळलं?”

“मला कुठलं कळतंय,” मामंजी लगेच म्हणाले, “ते आमच्या सूनबाईनं केलं.”

दिवाळी झाली. एका पहाटे आमच्या काळ्या मेंढीला पहिलं कोकरू पडलं. आई काळी कुळकुळीत आन् पोर पांढरं, कपाळावर लोकरीची बारीक बारीक वेटोळी. आई चाटायला लागली तरी माझी बोटं आधी त्याच्या तोंडावर.

मामंजी मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीबाहेरनं विचारत होते, “नर का मादी?”

“ते मागनं बघते, मामंजी,” मी म्हणाले. “डोळे हायत. दोन्ही हायत.”