उत्तर मिळालेल्या प्रार्थना

मी सिंगापूरला निघाले तेव्हा विमानतळाच्या दारात पप्पांनी प्रार्थना सुरू केली आणि मागे ट्रॉल्यांची रांग लागली. पहारेकरी म्हणाला, "बाजूला घ्या." पप्पा आमच्या गावच्या मंडळीचे पाळक, एकदा डोळे मिटले की आमेनशिवाय उघडत नाहीत. धाकटा संदेश माझी बॅग धरून उभा. आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं, दंडावरची पट्टी तशीच. "तिथं पत्रकं वाटू नको, ताई," तो म्हणाला, "पुढच्याच विमानानं परत पाठवतील."

पत्रकं त्याच्यासाठीच होती. तालुक्याला डायलिसिसचं मशीन द्या, हे मी चौकाचौकात ओरडून सांगितलं. मशीन आलं नाही. तो एसटीनं जिल्ह्याला जात-येत राहिला आणि मी सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या काचेच्या ऑफिसात येऊन बसले. मागे राहिलेल्यांनी याला खुशाल पळणं म्हणावं. मीही तेच म्हणते.

इथं दर रविवारी दुपारी आंग मो किओच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती जमतो. फ्लॅट शमुवेलकाकांचा. बँकेतले, केव्हाच पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालेले, मनानं चांगले. प्रार्थनेची वही त्यांच्याकडे असते. डावीकडे विनंत्या, उजवीकडे 'उत्तर मिळालेल्या प्रार्थना'. ते उजवी बाजू आधी वाचतात: कुणाचा नोकरीचा पास रिन्यू झाला, कुणाला मुलगा झाला. मग सगळे हालेलुया. संदेशचं नाव डावीकडे होतं.

दुसऱ्या वर्षी तो गेला. मी गावी पोचले तेव्हा माती होऊन एक दिवस उलटला होता. त्याच रविवारी पप्पा उपासनेला उभे राहिले आणि देवाची उपकारस्तुती केली. माझं डोकं फिरलं. घरी येऊन तोंडावर विचारलं, कसले उपकार?

"मला समजलंय म्हणून उभा नाही राहिलो, पोरी," ते म्हणाले. "काहीच समजत नाही. तरी उभा राहिलो."

मम्मी गाण्याच्या वेळी ओठ मिटून बसली होती. तिला कुणी 'गा' म्हटलं नाही.

परतल्यावर पहिल्याच रविवारी काकांनी उजवी बाजू वाचली. "ब्रदर संदेश. प्रभूनं पूर्ण बरं करून आपल्याजवळ घेतलं." एकानं हालेलुया म्हटलंसुद्धा.

मी उठले. "काका, खोडा ते."

"अगं बेटा, विश्वासानं लिहिलंय."

"आपण मागितलं काय होतं? तो जगावा. नाही जगला. मग देवाच्या नावानं खोटं का लिहिता?"

काकांची कॉलेजातली मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली, "शी इज राइट, लाह." काकांनी वही मिटली. मी चपला घालून निघाले.

पुढचे दोन महिने रविवारी पुलाउ उबीन बेटावर जाऊन भाड्याची सायकल हाणत राहिले. चढावर देवाला नको नको ते बोलले. पप्पांनी फोनवर एकदाच विचारलं, "त्यांना सोडलंस की देवाला?" फोन ठेवल्यावर मनात आलं: ज्याला सोडलं त्याच्याशी इतकं कोण भांडतं?

मग एका रविवारी काकांच्या फ्लॅटवर गेले. वही मागून घेतली, उजवीकडचं नाव खोडलं, डावीकडे लिहिलं: संदेश.

काकांनी चष्मा वर केला. "आता काय मागायचं, बेटा?"

"काही नाही. नुसतं नाव वाचा."

त्यांनी वाचलं. मग काकू, ज्या एरवी चहा विचारण्यापुरतंच तोंड उघडतात, म्हणाल्या, "अहो, आपल्या पहिल्या बाळाचंही लिहा. सॅमचं." मुलगी आईकडे बघत राहिली, हे नाव तिनंही कधी ऐकलं नव्हतं. काकांना लिहायला वेळ लागला.

गावाकडच्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठं विचाराल तर आज मी ना गावाचं नाव सांगेन, ना सिंगापूरचं. जिथं देवापुढं खोटं बोलावं लागत नाही, तिथं मी बसते. स्वस्थ नाही बसत. पण बसते.