विमानतळावर लावलेला कौल

विमानतळावर कौल लावून बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. ती मी. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा मी अवघी चौसष्टची होते, अक्कल यायची होती.

लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेले होते. हे वेल्ह्याकडं घरीच राहिले. शेरडं कुणाच्या जिवावर टाकणार? आणि एका संध्याकाळी धाकट्या दिरांचा फोन आला. यांच्या छातीत कळ आली होती, पुण्याला डेक्कनजवळच्या दवाखान्यात आणलं होतं. लेकीनं मला सकाळच्या विमानात बसवलं. साडेनऊला पुण्यात उतरले तोच परत दिरांचा फोन.

"वैनी, दादा सही करंना. म्हणतोय, तिला बघितल्याबिगर आत जायचो न्हाई. अकराला ऑपरेशन हाय. ती येळ चुकली तर उद्या, आन् उद्यापत्तोर काय व्हईल ते डॉक्टर बी सांगत न्हाईत. तुमी कशानं बी या, पर या!"

कशानं बी या! तिथंच तर घोडं अडलं होतं. दीर म्हणाले, टॅक्सी करा. लेकीनं सांगितलं होतं, मोबाईलवरून गाडी बोलाव. मला मोबाईलचं फक्त हिरवं बटण ठाऊक. विमानात शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या होत्या, बस बरी. आणि मी? एस.टी. सोडून कशात एकटी बसले नव्हते. चुकीची वाट धरली तर माणूस हातचा जाईल, हे एकच डोक्यात घुमत होतं.

आमच्याकडं मोठी गोष्ट देवीला विचारून करतात. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर फासलेल्या पाषाणाला, तांदळाचे दोन ओले दाणे लावायचे, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. लेकीचं लग्न मी तसंच ठरवलं होतं, म्हैस घेतली तीही तशीच. मग काय, एका खांबाशी पिशवी टेकवली, त्यावर नेहमी सोबत असतो तो देवीचा काचेचा फोटो उभा केला, लेकीनं निघताना भरलेल्या ओटीतले दोन तांदूळ बाटलीतल्या पाण्यानं भिजवून काचेला लावले. उजवा पडला तर टॅक्सी, डावा पडला तर बस. आणि मी हात जोडून खाली बसले.

दाणा पडेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक चाकांच्या बॅगा ओढत वळून बघत होते. पिशवीत फोन वाजत होता, पण मधेच उठलं तर कौल मोडतो म्हणून मी घेतला नाही. देवी रुसली, असंच मी धरून चालले. काचेला चिकटलेला ओला दाणा सहजी सुटत नाही, हे चाळीस वर्षं भांडी घासलेल्या बाईला कळू नये! नवरा तिकडं दारात अडून बसलेला, आणि ही शहाणी इकडं दाण्याकडं डोळे लावून.

"मावशी, कौल लावलाय व्हय?"

मान वर केली. फरशी पुसणारी बाई होती, पस्तिशीची. आमच्याच बोलीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका दमात सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"मी शेवंता, तुमच्या वेल्ह्याच्या वाटंवरल्या मार्गासनीची. आवं, जावं का न्हाई ते देवीला इचारत्यात. कसं जावं ते मानसाला इचारावं! आज खालचा रस्ता सगळा तुंबलाय. बस न्हाई का टॅक्सी न्हाई, रिक्षानं रामवाडी गाठू, तिथनं मेट्रो. माझी ड्युटी सुटलीच हाय, मला बी तिकडंच जायचंय. उठा!"

तिनं माझा दंड धरला आणि मी उठले. दहा वाजून गेले होते. रिक्षा गल्लीबोळांतून गेली. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मी पाय टाकेना, तर तिनं कमरेला विळखा घालून मला चढवलं. गाडीतून खाली पाहिलं. टॅक्स्या, बसा, सगळं मुंग्यांसारखं एकाला एक चिकटून उभं. त्यातच मी असते. देवीचं नाव घ्यायचंही सुचेना. शेवंताचा हात तेवढा सोडला नाही.

अकराला पाच कमी असताना दवाखान्याचा जिना चढलो. हे ढकलगाडीवर उठून बसलेले, नर्स कावलेली. मला बघून म्हणाले, "आलीस? जेवलीस का?" आणि सही करून टाकली.

देवीनंच शेवंताला पाठवलं का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. एवढं मात्र खरं, की जन्मभर मी देवीवर भार टाकला म्हणत आले, पण अटी माझ्याच असायच्या: उजवा का डावा, दोनच वाटा. तिसरी वाट तिच्याकडं असेल, हे मनातही आलं नव्हतं. त्या सकाळी दुसऱ्याच्या हातात दंड देऊन मुकाट चालले, तेवढीच काय ती माझी खरी भक्ती.

हे बरे होऊन घरी आल्यावर मी शेवंताला ओटी भरायला बोलावलं. "माझी देवी तूच गं," म्हणत पाया पडायला वाकले, तर ती मागं सरकली आणि पदर तोंडाला लावून हसतच सुटली.

"देवी कसली वं मावशी! सायबानं मला तुमाला हाकलायला धाडलं व्हतं. म्हनला, त्या म्हातारीनं तिथं देव्हारा मांडलाय, आदी उठीव तिला. तुमचं त्वांड बघितलं आन् हाकलायचं ऱ्हाऊनच गेलं."