साहेबाच्या बंगल्यातले मराठी आकडे

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी इंग्रज साहेबाचा एक बंगला आहे, आणि माझा जन्म त्या बंगल्यात झाला. हे सांगितलं की लोक हसतात. माझे बाबा मालवणहून आलेले सुतार, आमचं घर चाळीतलं. पण गोष्ट खरी आहे. साहेब मायदेशी परतल्यावर बंगला एका संस्थेकडे आला आणि त्याच्या ऐसपैस जेवणघरात बाळंतिणींच्या खाटा पडल्या. पुढे दवाखाना बंद झाला, काही वर्षं शिवणवर्ग चालला, मग दाराला कुलूपच.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी संस्थेने बंगला पाडून टॉवर बांधायचं ठरवलं. आम्ही आसपासच्या बायकांनी अर्ज केला, पाडू नका, वाचनालय करा. त्यावर पालिकेने एक पाहणी समिती नेमली आणि बंगल्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी भूगोलाची बाई, पण हौसेने कामाला लागले. कागद कुठेच मिळेना. साहेब रेल्वेतला होता की दगडखाणीवरचा, यावरसुद्धा म्हाताऱ्या माणसांचं एकमत नव्हतं.

शेवटी संस्थेच्या इंजिनिअरने मला बंगल्यापाशी गाठून सांगितलं, "मॅडम, मूळ बंगला केव्हाच पडला. हा नंतर बांधलाय. भिंत ठोकून बघा ना, सिमेंट आहे."

मी ठोकून बघितली. सिमेंटच होतं.

घरी येऊन फाईल टेबलावर टाकली. "वाट लागली, बाबा. तो म्हणतो, बंगला जुना नाहीच."

बाबा तेव्हा चौऱ्याऐंशीचे. चहा बशीत ओतत म्हणाले, "त्येका म्हणावं, जिन्याखालची फळी काढून बघ."

दवाखाना होता तेव्हा तो जिना त्यांनी दुरुस्त केला होता. आत काय दिसलं, ते त्यांनी मला सांगितलं. मी थक्क.

"एवढे महिने मी वणवण करतेय, आधी का नाही बोललात?"

"तू इचारलंस खय?"

पाहणीच्या दिवशी ते धुतलेला शर्ट घालून आले, पिशवीत स्वतःची सुतारकामाची पटाशी. समितीच्या प्रमुख एक आर्किटेक्ट बाई होत्या. इंजिनिअर दारातच आडवा आला. "आजोबा, इमारत धोकादायक आहे, आत नका जाऊ."

"अरे, ह्या जिन्यावरून मी लाकडं वाहिलीत," बाबा म्हणाले आणि आत गेले.

जिन्याखाली ते खाली बसले. पटाशी फळीच्या फटीत सरकवली. फळी अलगद निघाली. मोबाईलच्या उजेडात मांडीएवढी जाड सागवानी तुळई दिसली. जिथे दोन लाकडं एकमेकांत बसवली होती, तिथे दोन्हींवर एकच आकडा कोरलेला. सात आणि सात. त्यापुढे आठ आणि आठ. सगळे मराठी आकडे, जुन्या वळणाचे.

"साहेबाच्या घरात मराठी आकडे?" बाईंनी विचारलं.

"लाकूड जमिनीवर कापायचा, जोडून बघायचा, खुणा करायच्यो, मग सुटा करून वर चढवायचा. माझो बापूस असाच करी. ह्या जिन्याक एक खिळो नाय, बाई. सगळ्यो लाकडाच्यो खुंट्यो."

बाई तशाच, चांगल्या साडीनिशी, जमिनीवर आडव्या झाल्या आणि खिळा शोधू लागल्या. सापडला नाही. मग त्यांनी माडीच्या छताची फळी काढायला लावली. तिथेही तेच आकडे, तशाच खुंट्या. थोड्या वेळाने इंजिनिअरच मोबाईल धरून पुढे झाला, "मॅडम, इकडे बघा, सत्तावीस!"

बाई कपडे झटकत उठल्या. "सिमेंट वरून लावलंय. सांगाडा मूळचाच आहे."

मी महिनोन्‌महिने साहेबाचं नाव शोधत होते. घर कुणाच्या हातांनी उभं केलं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. त्या रात्री मी इतिहास पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला.

समितीने बंगला पाडायची परवानगी नाकारली. संस्थेने वर्षभर कुरकुर केली आणि शेवटी वाचनालयाला होकार दिला.

मागच्या दसऱ्याला उद्घाटन झालं. फीत कापायला बाबांनाच बोलावलं. अंगणात खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक गेटपर्यंत उभे. फीत कापून बाबा थांबलेच नाहीत, कठड्याला हात न लावता सरळ जिना चढून गेले. खाली टाळ्यांचा कडकडाट. मी डोळे पुसत उभी, तर वरच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"वर ये गो! वारो बरो लागता हय!"