पाच दिवसांचं रोप

आमच्या सासरी सगळं मुंबईच्या रजेवर चालतं. पोलादपूरच्या डोंगरात आमची वाडी, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईत नोकरीला. त्याला रजा मिळाली की साखरपुडा, पूजा, भाऊबंदकीचं भांडण, सगळं त्या चार दिवसांत उरकायचं. माझं मूलही आम्ही तसंच बसवायला निघालो होतो.

मी महाडला राहते, नाते गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. प्रजननाचा धडा आला की ‘घरी वाचून घ्या’ म्हणून पुढे सरकणारी मी, लग्नाच्या आठव्या वर्षी तो धडा पनवेलच्या डॉक्टरीणबाईंसमोर पहिल्या ओळीपासून शिकले. प्रयोगशाळेत गर्भ तयार झाला की काम फत्ते, असा माझा समज होता. बाई म्हणाल्या, तसं नसतं. गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींमधून एक द्रव पाझरतो. त्यातली प्रथिनं गर्भाला पोसतात, त्याला अस्तर धरायला मदत करतात. पण हे सगळं महिन्यातले मोजकेच दिवस जुळून येतं.

त्या महिन्यात माझं अस्तर मागे पडलं होतं. गर्भ गोठवू, महिनाभर थांबा, असं बाईंनी बजावलं. पण नवऱ्याची रजा मंजूर झाली होती ना! आम्ही दोघांनी असा लकडा लावला की शेवटी बाईंनी हात टेकले. व्हायचं तेच झालं. गर्भ रुजला नाही आणि मास्तरीणबाईची कूसच कोरडी, अशी कुजबुज वाडीभर झाली. मला भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण आता एकच गर्भ शिल्लक होता.

पुढच्या खेपेला बाईंनी बारीक नळीने तो द्रव थोडा काढून त्यातली प्रथिनं तपासली. यावर अजून संशोधन चालू आहे, खात्री देत नाही, हेही सांगितलं. मग गर्भ सोडायला त्यांनी जो दिवस धरला तो नेमका भातलावणीच्या धांदलीत आला. नवऱ्याची रजा संपलेली. सासूबाई म्हणाल्या, मी येते. त्यांची रोपं लावणीला आली होती, उशीर झाला तर जून, निबर होणार होती. तरी पायाचा चिखल धुऊन त्या माझ्याबरोबर एसटीत बसल्या.

दवाखान्यात त्यांनी बाईंचीच उलटतपासणी सुरू केली. रोपा किती दिवसांचा, हा पहिला प्रश्न. पाच दिवसांचा, असं बाईंनी गंभीरपणे सांगितलं. इतका कोवळा रोपा सासूबाईंना पसंत पडला नाही. मग बाईंनी त्यांना द्रव, प्रथिनं, दिवस असं सगळं समजावलं.

“म्हंजे चिखल जमल्याबिगर लावायचा नाय,” सासूबाई म्हणाल्या. “मंग मागल्या टायमाला कोरड्यात लावायची घाई कोनाला झालेली?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. विज्ञानाच्या शिक्षिकेने फरशीकडे पाहिलं.

गर्भ सोडून झाला. वाडीत परतल्यावर सासूबाईंनी कुजबुजणाऱ्या बायकांना बांधावरूनच सुनावलं, की सुनेची कूस चांगली हाय, माझ्या लेकाची रजाच चुकली. स्वतःची लावणी उशिरा झाली, त्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

दोन आठवड्यांनी रक्ताच्या रिपोर्टसाठी आम्ही दोघी पुन्हा दवाखान्याच्या बाकावर बसलो. शेवटी मी विचारून टाकलं, “आई, या वेळीही नाही झालं तर?”

“रोपा नाय धरला तं जमिनीला कोन मारतं गो?” त्या म्हणाल्या.

मला तिथेच रडू फुटलं. आठ वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

रिपोर्ट आला तो आधी त्यांनीच घेतला. कागद उलटा धरून खालपासून वरपर्यंत नीट पाहिला आणि मग माझ्याकडे देत म्हणाल्या, तू वाच, चष्मा घरी ऱ्हायला. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मी डोळे पुसून वाचलं. रोपाने मूळ धरलं होतं.